पुण्यात जन्मणारं बाळ आणि आईचे अमेरिकेतले दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा जन्म १९९४ चा, न्यू जर्सीतल्या एडिसनचा. वडील तेव्हा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर तिथे होते. ते पुढे नागरिक झाले नाहीत आणि जून २००३ मध्ये सगळं कुटुंब पुण्याला परत आलं. ताई अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना इथे राहण्यासाठी मिळणारं कार्ड) इथेच वाढल्या. १६ ऑगस्ट २०१६ ते १० ऑगस्ट २०१८ टेक्सासमध्ये एमएस केलं, मधे डिसेंबरात २८ दिवस आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ६३ दिवस घरी आल्या. नवरा भारतीय नागरिक. पाचवा महिना चालू आहे, बाळंतपण सप्टेंबरात पुण्यातच करायचं ठरलंय. घरात सगळे म्हणतात, आई अमेरिकन म्हणजे बाळ अमेरिकन, नंतर फक्त मुंबईला जाऊन कागद आणायचे. हे खरं का? आणि बाळाचे दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का?

मी पुण्यात वीस वर्षांहून जास्त काळ परतलेल्या कुटुंबांची ही कागदपत्रं करते आहे. तुम्ही बाळ यायच्या आधी विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण यातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित बाळाच्या जन्माच्या क्षणी बंद होतं. त्यानंतर तुम्ही अमेरिकेत दहा वर्षं राहिलात तरी त्या गणितात एक दिवसही वाढत नाही.

"आई अमेरिकन म्हणजे बाळ अमेरिकन" हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या जमिनीवर जन्मलेल्याला नागरिकत्व जमिनीमुळे मिळतं, तसं तुम्हाला मिळालं. बाहेर जन्मलेल्या मुलाला ते आईवडिलांकडून मिळतं, पण ते द्यायला आईवडील अमेरिकेत खरोखर राहिलेले असावे लागतात. आईवडील दोघंही अमेरिकन असतील तर अट सौम्य आहे: दोघांपैकी एकाचं जन्माआधी कधीतरी अमेरिकेत राहतं घर असलं की पुरे. एकच पालक अमेरिकन आणि दुसरा परदेशी असेल, म्हणजे तुमच्यासारखं असेल, तर त्या अमेरिकन पालकाने जन्माआधी एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेली हवीत आणि त्यातली किमान दोन वर्षं वयाची चौदा पूर्ण झाल्यानंतरची हवीत. १४ नोव्हेंबर १९८६ पासून जन्मलेल्या मुलांना हा नियम आहे. त्याआधी तर दहा वर्षं आणि त्यातली पाच चौदानंतरची, असं होतं. आणि १९३४ पर्यंत आईकडून मिळतच नव्हतं, फक्त वडिलांकडून.

यामागचा विचार समजून घेतला तर अट जाचक वाटत नाही. ज्यांनी तो देश पाहिलाच नाही अशा पिढ्यान् पिढ्या नुसत्या कागदावर नागरिक होत राहू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. गोव्याकडच्या लोकांना हे चटकन कळत नाही, कारण तिथे दुहेरी नागरिकत्व म्हटलं की पोर्तुगाल डोळ्यांपुढे येतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून घेतात, तिथे किती दिवस राहिलात असं कोणी विचारत नाही. अमेरिका मात्र दिवस मोजते.

चला तर मोजू.

पाच वर्षांची अट तुमची लहानपणीच पूर्ण झाली आहे. १९९४ ते २००३ ही नऊ वर्षं. वडील तेव्हा कोणत्या व्हिसावर होते याच्याशी काही संबंध नाही, तुम्ही स्वतः तिथे होतात एवढंच बघतात. (जे लोक नंतर नागरिक झाले त्यांचेही विद्यार्थी व्हिसावरचे, एच-१ वरचे, ग्रीनकार्डावरचे सगळे दिवस धरले जातात. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते नागरिकत्वाच्या शपथेपासून मोजायला लागून उगाच घाबरतात.)

अडचण दुसऱ्या अटीत आहे. १६ ऑगस्ट २०१६ ते १० ऑगस्ट २०१८ हे ७२४ दिवस. दोन वर्षं म्हणजे ७३०. त्यातून घरी आलेले २८ आणि ६३, मिळून ९१ दिवस वजा करा. उरले ६३३. सत्त्याण्णव दिवस कमी आहेत.

इथे बहुतेकजणी मला म्हणतात, अहो, भाडेकरार तर सलग होता, युनिव्हर्सिटीत नाव होतं, सुट्टीला घरी आले म्हणून काय झालं? पण अट प्रत्यक्ष हजेरीची आहे, पत्त्याची नाही. कॉन्सुलेटमधला अधिकारी बाहेरगावच्या तारखा एकेक करून विचारतो आणि त्या काळात तुम्ही पुण्यात होतात तर तो दिवस तुमच्या खात्यात धरला जात नाही. अमेरिकन सैन्यात किंवा तिथल्या सरकारी नोकरीत परदेशी असाल तर ते दिवस धरतात, पण ती सवलत आपल्या कामाची नाही.

म्हणून आता शोध हा घ्यायचा आहे: २००८ मध्ये तुम्ही चौदाच्या झालात, तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेत आणखी कधी गेला होतात? दहावीच्या सुट्टीत मावशीकडे? चुलतभावाच्या लग्नाला? ऑफिसच्या कामासाठी महिनाभर? लग्नानंतर फिरायला? ते सगळे दिवस धरले जातात. सलग असायची गरज नाही, आठ-आठ दिवसांची बेरीजही चालते.

मागच्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका घरी मी अशीच बसले होते. मुलीचे चाळीस दिवस कमी पडत होते, बाळ दोन महिन्यांचं होतं, आजी पाळणा हलवत होती. मुलगी ठामपणे म्हणत होती, नाही हो, मी कॉलेजमध्ये असताना गेलेच नाही. मग तिच्या आईने कपाटातून रद्द झालेले, कोपरे कापलेले जुने पासपोर्ट काढले. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेत शिरताना सहसा शिक्का मारत नाहीत, त्यामुळे तिथली तारीख पासपोर्टात सापडत नाही. पण आपल्या मुंबई विमानतळावर ओसीआयवाल्यांना जाताना आणि येताना शिक्का बसतो. म्हणजे मुंबईहून निघालेली तारीख आणि परत उतरलेली तारीख, यांच्यामधला काळ म्हणजे परदेशवारी. ओसीआयच्या जुन्या स्टिकरच्या कडेवर एक फिकट जांभळा शिक्का अर्धा चढला होता, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा वर्ष दिसलं, २०११. आईला लगेच आठवलं, त्या मे महिन्यात आत्याचं ऑपरेशन होतं, ही मदतीला गेली होती. सत्तेचाळीस दिवस निघाले. विमानाच्या तिकिटाचा ईमेल आत्याच्या खात्यात अजून होता. त्या बाळाचं काम झालं.

तुमचंही होऊ शकेल. पण नाही सापडले दिवस, तर अंदाजाने भरू नका. "दोन वर्षं होतीच की" असं लिहून, खाली सही करून शपथ घेणं म्हणजे अमेरिकन सरकारपुढे खोटं बोलणं. अर्ज नाकारला गेला तर ते निभावतं, खोटेपणा सापडला तर ते तुमच्या नावामागे कायम राहतं.

दिवस भरत नसतील तर काय करायचं, ते आधी सांगते, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे.

पहिला पर्याय म्हणजे कमी पडणारे दिवस आत्ता जाऊन भरणं. पंधरा-वीस दिवसच कमी असतील तर डॉक्टरांना विचारून, न्यू जर्सीत कोणाकडे राहून हे होण्यासारखं आहे. सत्त्याण्णव दिवस असतील तर मी हा सल्ला देणार नाही. आत्ता निघालात तरी परत यायची वेळ येईपर्यंत विमानकंपनी तुम्हाला विमानात घेणार नाही. तेवढं राहायचंच असेल तर सरळ बाळंतपण तिथे करण्याचा विचार करा. तिथे जन्मलं की दिवसांचा प्रश्नच उरत नाही. २०२५ च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दल जो आदेश निघाला आणि ज्यावर एवढा वाद झाला, तो आई नागरिक असलेल्या बाळाला लावायचा नव्हताच, तेव्हा ती भीती मनातून काढा. खरी भीती खर्चाची. तुमच्याकडे तिथला विमा नसेल तर हॉस्पिटलचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. शिवाय आई जवळ नसताना, परक्या घरी पहिलं बाळंतपण. एका कागदासाठी हे सगळं अंगावर घ्यायला मी कोणत्याच मुलीला सांगत नाही, कारण पुढचा मार्ग खरोखर चांगला आहे.

तो असा. बाळ पुण्यात होऊ द्या, भारतीय नागरिक म्हणून वाढू द्या. पुढे कधी तुम्ही अमेरिकेत राहायला जायचं ठरवलंत, तर नागरिक आई म्हणून तुम्ही मुलासाठी आय-१३० हा अर्ज करता. एकवीसच्या आतल्या मुलांसाठी तिथे रांग नाही, फक्त कागद पुढे सरकायला लागतो तेवढा वेळ, वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा मिळतो. मूल अठराच्या आत असताना त्या व्हिसावर अमेरिकेत शिरलं आणि तुमच्या ताब्यात, तुमच्याबरोबर तिथे राहणार असेल, तर ज्या दिवशी विमानतळाबाहेर पडतं त्याच दिवशी ते आपोआप नागरिक होतं. २००० साली झालेला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेला बालनागरिकत्व कायदा हे देतो, आणि यात तुमच्या पाच वर्षांचा किंवा दोन वर्षांचा हिशेब कोणी विचारत नाही. अट फक्त तिथे राहायला जाण्याची. माझ्या मते तुमचे दिवस सापडले नाहीत तर हाच रस्ता.

त्याच कायद्यात आजी-आजोबांचीही एक वाट आहे. आईचे दिवस भरत नसले पण आईच्या आईचे किंवा वडिलांचे भरत असले, आणि ते स्वतः अमेरिकन नागरिक असले, तर त्यांचे दिवस वापरून, मूल अठराचं व्हायच्या आत एन-६००के हा अर्ज करून, थोड्या दिवसांसाठी अमेरिकेला नेऊन नागरिकत्व घेता येतं. तुमचे वडील नागरिक झाले नव्हते, म्हणून तुम्हाला ही वाट नाही. पण पुण्या-मुंबईत अशी कितीतरी घरं आहेत जिथे आजोबा पंचवीस वर्षं तिथे राहून, नागरिक होऊन परत आलेत आणि घरात कोणालाच हे माहीत नाही.

आता समजा दिवस भरले. मग बाळ जन्मतःच अमेरिकन आहे, कोणी अर्ज केला म्हणून होत नाही. अर्ज फक्त नोंदीसाठी. परदेशातील जन्माची कॉन्सुलर नोंद, ज्याला सगळे सीआरबीए म्हणतात, ती अठराव्या वाढदिवसाआधी करायची. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुलातलं कॉन्सुलेट. अर्ज ऑनलाइन भरायचा, नोंदीची फी १०० डॉलर, बरोबरच पासपोर्ट करणार असाल तर आणखी १३५. बाळाला घेऊन जावं लागतं. सोळाच्या आतल्या मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांची संमती लागते, म्हणून नवऱ्याने त्या दिवशी सुट्टी घ्यावी. नाही जमलं तर त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र. अठरा वर्षं आहेत म्हणून थांबू मात्र नका. नागरिकत्व जात नाही, पुरावे जातात. शाळा बंद होतात, आत्या जाते, ईमेलचं खातं बंद पडतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी. हॉस्पिटलमध्ये नाव घालताना समोरची मुलगी विचारते, मिस्टरांचं नाव काय? आणि तुमच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव लिहून टाकते. तेच महापालिकेच्या जन्मदाखल्यावर उतरतं. तुमचा अमेरिकन पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. मग बाळाची आई आणि अर्ज करणारी बाई एकच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी पासपोर्टची झेरॉक्स काउंटरवर ठेवा आणि आईचं नाव यातल्यासारखंच, स्पेलिंगसकट, लिहा म्हणून सांगा. दाखला हातात येईल तेव्हा बाळाचं नावही त्यावर चढवून घ्या, बिननावाचा दाखला घेऊन मुंबईला जाऊ नका. सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, कधीकधी गरोदरपणाचेही पुरावे मागतात.

दिवसांच्या पुराव्यासाठी युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट, पगाराचे डब्ल्यू-२ (तिथे मालक वर्षाकाठी देतो तो पगार आणि कराचा फॉर्म), भाडेकरार, बँकेची पत्रकं. लहानपणासाठी एडिसनच्या शाळेचं रेकॉर्ड आणि लसीकरणाचं कार्ड.

दुसरा प्रश्न, दोन पासपोर्टांचा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

अमेरिकेला दुहेरी नागरिकत्वाची हरकत नाही. तिचा आग्रह एवढाच की तिच्या नागरिकाने येता-जाता तिचा पासपोर्ट वापरावा. म्हणून नागरिक असलेल्या बाळाला अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा काढायचा प्रयत्न करू नका. भारताला मात्र हरकत आहे. तुमच्या बाळाची गोष्ट नाजूक आहे ती यासाठी की वडील भारतीय आणि आई कायदेशीरपणे इथे राहणारी, त्यामुळे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ते जन्माने भारतीयही आहे. म्हणजे जन्माच्या क्षणी, कोणी काही न करता, दोन्हीकडचं. कलम ९ म्हणतं की स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं तर भारतीय नागरिकत्व संपतं, आणि नियमांमध्ये परदेशी पासपोर्ट काढणं हाच त्याचा निर्णायक पुरावा मानलेला आहे. तेव्हा जन्माने दोन्ही असणं ही एक गोष्ट आणि कपाटात दोन पासपोर्ट ठेवणं ही दुसरी. दुसरी करू नका.

"अठरा वर्षांपर्यंत दोन्ही चालतं" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ते चौथ्या कलमातून आलं आहे. तिथे भारताबाहेर जन्मलेल्या आणि वंशाने भारतीय झालेल्या मुलाने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडावं, असं म्हटलं आहे. तुमचं बाळ पुण्यात जन्मणार, त्याला ते कलम लागू नाही. शिवाय भारतीय पासपोर्टच्या अर्जात नागरिकत्वाबद्दल लिहून द्यावं लागतं, तिथे माहिती लपवणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

म्हणून निवड करावी लागेल, आणि ती घाईने करू नका. अमेरिकन पासपोर्ट घेतलात तर भारतीय काढायचाच नाही, आधी काढला असेल तर परत करायचा, आणि बाळासाठी ओसीआय करायचं. पहिल्यांदा भारताबाहेर पडताना त्या कोऱ्या पासपोर्टात व्हिसा नसतो, तेव्हा ओसीआय हातात नसेल तर एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, एक्झिट परमिट घ्यावं लागतं. हे विमानतळावर कळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, तिकिटं फुकट जातात.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे मनावर ठसवा. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, एनडीएसारख्या लष्करी प्रबोधिनीत प्रवेश नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने मात्र येऊ शकते). आणि पुण्यातल्या आईबापांना सगळ्यात जास्त लागणारं: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईमध्ये एनआरआय जागांवरच दावा करता येतो, केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेच्या आधी ओसीआय असलेल्यांना दिलासा दिला, पण तुमचं बाळ त्या तारखेनंतरचं. मूल इथेच वाढणार असेल आणि तुम्ही दोघं इथेच राहणार असाल, तर डॉक्टर व्हायचं असल्यास सरकारी कॉलेजची जागा त्याच्यासाठी बंद होईल, याचा विचार बारशाच्या आधी करा, बारावीला नको.

तिकडच्या जबाबदाऱ्याही येतात. मुलगा असेल तर अठराव्या वर्षी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडल्यास सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या यादीत, नाव असावं लागतं. आजोबांनी नातवंडाच्या नावे केलेल्या एफडी, सगळ्या मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेल्या तर एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आणि ताई, हे तुम्हालाही लागू आहे. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही राहिला तरी तिथलं रिटर्न भरावं लागतं. तुम्ही २०१८ पासून पुण्यात पगार घेत असाल आणि तिथे काहीच भरलं नसेल तर घाबरू नका, मुद्दाम न केलेल्यांसाठी आयआरएसची (तिथल्या आयकर खात्याची) मागचं भरून टाकायची स्ट्रीमलाइन्ड नावाची सोपी पद्धत आहे, बहुतेकांना प्रत्यक्ष कर शून्यच निघतो. पण दोन्हीकडचं कळणारा सीए गाठा, आणि तोपर्यंत म्युच्युअल फंडात नवे पैसे घालू नका, अमेरिका आपल्या फंडांवर फार वाईट पद्धतीने कर लावते.

आता या आठवड्यात करायचं ते एवढंच. आईला सांगून सगळे जुने पासपोर्ट काढा, २००८ नंतरच्या मुंबईच्या प्रत्येक शिक्क्याची तारीख वहीत उतरवा, मावशी-काकांकडे फोटो आणि तिकिटं मागा, आणि बेरीज मला पाठवा. एडिसनच्या शाळेला रेकॉर्डसाठी ईमेल मात्र आजच करा. जूनच्या शेवटी तिकडे उन्हाळी सुट्टी लागते, मग सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायला ऑफिसात कोणी भेटत नाही.